उसना स्वार

हे आधी लिहून घे, ऑसी:
पहिली हीट साडेसातला म्हणून छापतात,
आणि टेप वर जाते पावणेआठला.
मागचे तीन गुरुवार मी घड्याळ लावून बसलेय.

आता दुसरं.
आपल्या बगळ्याची बंडी घालून आज चार नंबरला
जो पोरगा उभा आहे, तो आपला नाही.
सोमवारी तो हॅल्टनकडून आपल्याच विरुद्ध धावला,
आणि तूच त्याला शिव्या घातल्यास, मी ऐकल्या.
आज तो पाहुणा.
आपला क्रिस्पिन खांदा बांधून घरी,
आपला यर्ग्येन गेलाय पोलंडला,
तिथे एका रविवारी जेवढं मिळतं
तेवढ्यात इथे जून अख्खा निघावा.
त्याला मी दोष देत नाही. पोट त्यालाही आहे.
पण उसनं अवसान ऐकलं होतं,
उसना संघ या वयात बघायचा होता.

थांब, टेप.
(लाल, पांढरा, लाल पडला, नाही, सावरला. निळा शेवटी.)
एकसष्ट पूर्णांक चार. लिही. मंद आहे,
कडेची खडी सकाळी झोडपलीच नाही,
ट्रॅक्टरवाला नवा आहे, माती वाचता येत नाही त्याला.

दर हिवाळ्यात ते कुठल्याशा हॉटेलात जमतात
आणि नियम बदलून येतात.
कुणाची सरासरी किती, कुणाची बेरीज किती,
कोण कुणाच्या जागी किती वेळा;
गेल्या वर्षी मी गणिताच्या निवृत्त मास्तरांना विचारलं,
त्यांनी चहा घेतला आणि विषय बदलला.
गाडीला ब्रेक नाही, गिअर एकच,
आणि चालवणाऱ्या मंडळींना
ब्रेकशिवाय दुसरं काही सापडत नाही.

कुत्र्यांच्या शर्यती गेल्या तेव्हाच मी म्हटलं होतं.
आता पलीकडच्या सरळ पट्टीवर दोनशे दहा घरं,
नकाशा ग्रंथालयात टांगलाय, रंगीत,
तिसऱ्या वळणावर मुलांचा घसरगुंडीवाला बाग.
मी विचारलं, आवाजाची तक्रार कोण करणार,
घरं आधी की आपण आधी?
मुलगी नम्र होती. तिनं माझं नाव लिहून घेतलं.

भाचा ग्लिन म्हणतो, मावशी, चार जण, चार फेऱ्या,
एक मिनिट, आणि सतत डावीकडे, यात बघायचं काय?
म्हटलं, तुझं लग्न तरी कुठे उजवीकडे वळलं?
तेव्हापासून तो नाताळला फोनच करतो.

तेरावी. आपण चार गुणांनी मागे.
चौदावी, बरोबरी. म्हणजे मागेच, चारनं.
हो, ठाऊक आहे मला, वजाबाकी येते.

पंधरावी.
आता बघ हा तुमचा पाहुणा, टेपवरच झोपला,
पहिल्या वळणाला चौथा, धुरळ्यात दिसेनासा.
बघ, बाहेर चाललाय, अगदी कुंपणाला,
तिकडे कुणी जात नाही, तिकडे खडी नुसती ओली ढेकळं,
अरे वेड्या, तिकडे
तिसऱ्या फेरीत दोघांना एकदम,
गाडी आडवी, गुडघा जमिनीवर, मागचं चाक
आपल्या अंगावर लाल माती फेकत,
शेवटच्या वळणाला हॅनिंगच्या कोपराएवढी फट,
आणि तो त्या फटीत,
अर्ध्या चाकानं.

मी काही ओरडले नाही.
ओरडले असेन तर "आपला!" असं नव्हतं ते,
नुसतं "आला!" म्हणाले.
तुझे कान तसेही मेथनॉलनं गेलेत.

तीन लिही त्याच्यापुढे. मागे आपला मॉर्टिमर दुसरा,
म्हणजे पाच-एक.
बरोबरी झाली. म्हणजे जिंकलो नाहीच,
हेही लिहून घे.

पेन दे. तू त्याचं नाव चुकीचं लिहिलंयस,
एस एकच आहे.
आणि फ्लास्कचं झाकण लाव आधी,
माझ्या चहात निम्मा ट्रॅक आहे.