भोवरा

पोती बंदरात सप्टेंबर म्हणजे चिखल,
बेडकांची रात्रपाळी, आणि शाळा.
माझ्या दुकानात खुर्च्या दोन. एकीचा स्क्रू कायमचा ढिला.
त्या आठवड्यात सोळा पोरं आली,
बूड टेकायच्या आधीच म्हणाली,
‘त्सिआला मावशी, उचासारखं.’

उचासारखं म्हणजे
डाव्या कानावर बोटभर रुंद पट्टा साफ,
मागे तिरका नेलेला, बाकी रान तसंच.
उन्हाळाभर तो इझमीरला मामाकडे होता,
परतला तो असा.
मग झाझा. मग झाझाचा चुलतभाऊ. मग
ज्यांना उचा ओळखतही नाही
अशी सातवीतली कार्टी.

माझं काम वस्तरा चालवायचं, जीभ नव्हे.
पण मागे उभं राहणाऱ्याला
जे दिसतं ते आरशाला दिसत नाही:
टाळूवरचा भोवरा.
कुणाचा उजवीकडे फिरणारा, कुणाचा डावीकडे,
कुणाचा सरकत पार कानाकडे निघालेला,
जणू त्याला या डोक्यात राहायचंच नाही.
केस तिथून निघतात
आणि आपल्या मर्जीनं पडतात,
मी काहीही केलं तरी.

बाचानाला दोन आहेत.
बायका म्हणतात, अशा पोराची दोन लग्नं होतात.
त्याला सध्या बाकावर
शेजारी बसणारं एक कुणी हवंय.
पट्टा त्याला शोभेना. पाणी लावलं, मेण लावलं,
मधली शेंडी पुन्हा उभी,
उत्तर येतंय म्हणून हात वर करणाऱ्या पोरासारखी.
तीनदा आला. तिसऱ्यांदा म्हणाला,
‘मुळापासून काढता येतो का हो, भोवरा?’
म्हटलं, रिओनी पलीकडेच आहे,
आधी तिच्यातला एक काढून दाखव.
तो हसला नाही.
अशा वेळी विनोद करू नये, हे मला
साठीला आल्यावर तरी कळायला हवं होतं.

आणि काल, शटर अर्धं खाली असताना
वाकून आत आला उचा.
एकटा. एकटा असला की तो जरा बुटका वाटतो.
पट्ट्यावरून माझं बोट फिरलं
आणि अडखळलं.
टाके. मोजले, सहा.
मामाच्या गल्लीत सायकलवरून पडला होता,
दवाखान्यातल्या नर्सनं
शिवण्यापुरते केस काढले.
‘बस, एवढंच,’ तो म्हणाला.
‘कुणी विचारलंच नाही. मी सांगणार होतो,
तेवढ्यात झाझा करूनच आला.
मग कसं सांगणार?’

वाढव मग आता, मी म्हटलं.
त्यानं आरशात पाहिलं,
माझ्याकडे की स्वतःकडे, सांगता येत नाही,
आणि खुर्चीत खाली सरकत,
ढिल्या स्क्रूच्या कुरकुरीत, पुटपुटला,
‘नको. उचासारखंच करा.’

केलं. पैसे घेतले नाहीत,
त्यानंही का म्हणून विचारलं नाही.

रात्री केर भरताना
सगळे केस एकाच सुपलीत,
कोण कुणाचा, माझ्यानंही ओळखवेना.
आमच्या वर्गात लामारानं भुवया उपटल्या होत्या,
दोऱ्यासारख्या बारीक.
आठवड्यात आम्ही नऊ जणी तशाच,
दुखून डोळे सुजलेल्या आणि खूष.
लामारा पुढे खारकोव्हला गेली म्हणतात,
मला तिचा चेहरासुद्धा नीट आठवत नाही.
माझी डावी भुवई मात्र परत आलीच नाही.
चाळीसहून जास्त वर्षं, रोज सकाळी, चहाच्या आधी
मी ती पेन्सिलीनं काढते.
हात आता न बघता जातो.
बाहेर पाऊस असला
तर जरा जास्त गडद.