गाळपेर

सकाळी सहाला पायऱ्या उतरून
मी मोजपट्टीवरचा आकडा वाचतो,
चष्म्यावरचं दव सदऱ्याला पुसून.
वहीत लिहितो: घट, चार सेंटिमीटर.
मग जिंतूरला फोन.
तिकडून 'बरं' म्हणतात. ठेवतात.

चार सेंटिमीटर म्हणजे किती
हे मला धुरपताबाईनं शिकवलं.
"त्या बाभळीच्या खोडापून त्या दगडापोत.
काकडीचे तीन आळे बसतेत, सायेब."
मी साहेब नाही, रोजंदारीवर आहे अकरा वर्षं,
पण पॅन्टीतल्या सगळ्यांनाच ती साहेब म्हणते.

तिचा नवरा पुंजाराम
भादव्यात जिथं जाळं टाकतो
पौषात तिथंच खुरपं घेऊन बसतो.
त्याची तक्रार एवढीच, की ही जागा
पाण्याखाली असते तोवर त्याची असते,
उघडी पडली की बायकोचं ऐकते.

गाळ काळा, लोण्यासारखा.
पाय घोट्यापर्यंत जातो
आणि निघताना चप् म्हणतो.
नांगर नको, शेणखत नको,
पूर्णेनं चार महिने बसून मळलेलं सगळं.
धुरपताबाई खरबुजाच्या बिया
ओल्या फडक्यात बांधून कमरेला खोचते.
तीन दिवस तशीच भाकरी थापते, भांडते, झोपते.
चौथ्या दिवशी फडकं सोडलं
की बियांना पांढरे डोळे आलेले.

कोणी न पेरलेलंही येतं.
पाथर आली की कच्चीच खायची,
मीठ लावून, जराशी कडू.
ऊन चढलं की चिवळ,
मुगाची डाळ घालून, लसणाची फोडणी.
शाळा सुटली की पोरी
जुन्या लुगड्याचे चार कोपरे धरून
काठाच्या पाण्यातले झिंगे उपसतात,
अर्धे भांड्यात, अर्धे परत उड्या मारून पाण्यात,
आणि त्या अर्ध्यांवरून भांडण.

माझं एकच आळं आहे. वाळकाचं.
मोजपट्टीपासून तेरा पावलांवर,
सरकारी जागेत सरकारी माणसाचं.
दुपारी गुडघ्यावर आपटून वाळूक फोडतो,
ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी.
बिया पडतात त्या मुंग्या नेतात.
मी बघत बसतो, कुठवर नेतात.

गेल्या चैत्रात
वरच्या धरणातून पाणी सोडलं,
कोणासाठी ते कळलं नाही.
मी लिहिलं: वाढ, एकोणीस सेंटिमीटर.
आणि खाली बघितलं, तर धुरपताबाई
गुडघाभर पाण्यात उभी,
पदर खोचलेला, तोंडानं काहीच नाही.
टरबुजं देठ तोडून तरंगत निघाली होती,
शाळेच्या रांगेसारखी, एकामागे एक.

पुंजारामनं थर्माकोलचा तराफा काढला.
जाळं फेकलं.
तीस वर्षांत पहिल्यांदा
जाळ्यात टरबुजं.
ओढता ओढता तो जो हसत सुटला
की तराफा कलला, तो पडला,
आणि मग काठावर तीही हसली,
आधी शिवी देऊन.

कच्च्या टरबुजांची भाजी
तिनं आठ घरी वाटली.
मला दोनदा आली.

बाराव्या दिवशी रोहू सापडला, पावणेतीन किलोचा.
काठावरच चिरला,
तर पोटात खरबुजाच्या बिया.
तिनं राखेत घोळल्या, धुतल्या, मोजल्या,
पेपरात पुडी बांधली.
"खाऊन गेला, तर वापस बी द्यावं लागंल की त्याला,"
म्हणाली, आणि डोकं कालवणाला ठेवलं.

वहीत यासाठी रकाना नाही.
'शेरा' म्हणून एक आहे, अकरा वर्षं कोरा.
त्यात मी लिहिलं:
रोहूच्या पोटात बिया, एकवीस.
पैकी रुजल्या
आणि पुढं जागा सोडली, पौषापर्यंत.

फोनवर सांगितलं नाही.
'बरं' म्हणाले असते.