फडकं पिळणारा हात

विहाराच्या कमिटीनं सांगितलेलं :
बुद्ध बसलेला पाहिजे, डोळे मिटलेला,
मागं पिंपळ, वर चंद्र.
दस्तगीर पेंटर म्हणाले, असले चाळीस काढलेत,
दुसरं सांगा कायतरी.

मग सोनुले काकूंनी सांगितली.
काकू सीपीआरमध्ये आया, सव्वीस वर्षं.
एक भिक्खू होता आजारी, म्हणाल्या,
अंगभर फोड, खाली घाण,
सोबतचे नाक धरून निघून गेलेले.
बुद्ध आला. पाणी तापवलं.
आनंदानं पाय धरले, यानं डोकं,
दोघांनी मिळून त्याला धुतलं.
झालं.
पेंटरनी विडी विझवली. म्हणाले, हं. ही.

मी अकरा वर्षांचा, ब्रश धुवायचो.
चेहरा दोन दिवसांत झाला,
फोडसुद्धा झाले, बघवत नव्हते इतके.
अडलं हातापाशी.
तीस वर्षं पेंटरनी कोल्हापूरच्या थेटरांचे बॅनर रंगवलेले :
दहा फुटी मूठ, पिस्तूल धरलेला पंजा,
आशीर्वाद देणारा, कानफटात हाणणारा.
ओलं फडकं पिळणारा हात
कुणी कधी मागितलाच नव्हता.

काढायचे, पुसायचे.
पैलवान झालाय, म्हणायचे,
गंगावेशीत धाडा याला.
पुन्हा पुसायचे.
टर्पेंटाइननं माझं डोकं धरायचं.

एका रात्री मला घेऊन सीपीआरला गेले.
वॉर्डाच्या दारात थांबलो.
काकू एका म्हाताऱ्याची पाठ पुसत होत्या,
त्याच्याकडं बघत नव्हत्या,
पलीकडच्या खाटेवरल्या बाईशी बोलत होत्या,
रेशनला साखर आली का, असलं काहीतरी.
बोलता बोलता फडकं बुडवलं, पिळलं,
पाठीला लावायच्या आधी
स्वतःच्या मनगटाला लावून बघितलं.

पेंटर म्हणाले, चल.
गंगावेशीत म्हशीपुढं उभं राहून दूध प्यालो.
फेस मिशीला तसाच.
परत येईपर्यंत एक शब्द नाही.

चित्रातला बुद्ध आजाऱ्याकडं बघत नाही.
फडकं डाव्या मनगटावर धरलंय
आणि मान जराशी कलती,
पलीकडच्या खोलीतून कुणी हाक मारल्यासारखी.
उद्घाटनाला कुणीतरी विचारलं,
ह्यांचं लक्ष कुठाय?
काकू बोलल्या नाहीत.
पदर ओढून मनगट झाकून घेतलं.

पेंटर गेले तेव्हा
कबरीवरची पाटी मी लिहिली, हातानं.
फ्लेक्सचं दुकान टाकलेलं असून.
तिथं कुणीतरी नावाचा अर्थ सांगितला :
दस्तगीर, हात धरणारा.
इतकी वर्षं मी नुसतं चाचा म्हणत होतो.

एकोणीसच्या पुरात पंचगंगा विहारात शिरली,
सहा दिवस मुक्काम.
ओसरल्यावर बघायला गेलो.
चिखलाची रेघ आजाऱ्याच्या छातीवरून आडवी,
त्याखालचं सगळं फुगलेलं,
आनंदाचे हात तर गेलेच.
पोरं म्हणाली, दादा, फोटो मारा,
फ्लेक्सवर नवा काढून द्या,
परत पाणी आलं तरी भ्या न्हाई.
बरोबर होतं त्यांचं.
बारा रुपये फूट. मशीन हातापाशी अडत नाही.

मोबाईल वर धरला.
खाली काकूंची सून, बादली घेऊन,
भिंतीचा चिखल पुसत बसलेली.
चित्राला मी भिते, म्हणाली, रंग निघंल,
तुमीच पुसा.
फडकं घेतलं. बुडवलं. पिळलं.
आणि कसं कोण जाणे,
मनगटाला लावून बघितलं.
गार पाणी, नदीचा वास.

ती हसायला लागली.
भितीला पोळंल व्हय ओ दादा?

रेघ अजून आहे. फोटो मोबाईलमध्येच पडून.
आनंदाचे हात पुन्हा काढायला घेतलेत,
रात्री शटर ओढलं की,
वाया गेलेल्या फ्लेक्सच्या पाठीवर, पेन्सिलीनं.
पैलवान होतायत.