लाभ, दोन, तीन

तीन महिन्यांतून एकदा ते डाकेत येतं,
गुळगुळीत, पारदर्शक पिशवीत:
प्रति, सन्माननीय ग्राहक,
चौरास राइस मिल, ता. पवनी, जि. भंडारा.

सन्माननीय ग्राहक म्हणजे कुंभलकर शेठ.
नागपूरहून त्यांनी हिशेबाचा प्रोग्राम आणला,
दोन फ्लॉपींत मावलेला,
त्यासोबत कंपनीचं हे मासिक फुकट.
मुखपृष्ठावर टाय लावलेला माणूस
काचेच्या इमारतीपुढे हसत असतो.
शेठ कागद चिमटीत धरून बघतात,
म्हणतात, कागद चांगला हाये,
आणि त्याच्यावर डबा ठेवून जेवतात.

मग ते माझ्याकडे येतं,
तेलाच्या गोल डागासकट.

मी निरंजना काटेखाये.
बारावी पास, टायपिंग चाळीस.
वजनकाट्याच्या खोलीत बसते.
खिडकीतून कोंडा उडत येतो,
की-बोर्डच्या फटींत शिरतो,
सकाळी तो उलटा करून आपटला
की चिमणीपुरता दाणा निघतो.

मी शेवटून वाचते.
आधी संपादकांची सही,
मग वार्षिक कराराचं स्मरण,
मग ‘ग्राहकांचे अनुभव’:
कोल्हापूरचा दूध संघ, चिंचवडचा पंपांचा कारखाना.
धानाचं कधी काही नसतं.
पण पान सत्तावीसवर असतं
‘स्वतः लिहून पाहा’,
चाळीस ओळी, मुंगीएवढ्या.

वीज असली की टाइप करते.
नसली की कंदिलाजवळ
बोट ओळीओळीवरून चालवते,
इथून तिथे उडी, तिथून परत,
तेवढा वेळ मीच मशीन.

त्या अंकात मालाच्या मोजणीचा प्रोग्राम होता.
मोजणी शून्यापासून सुरू करावी,
असं चौकटीत, ठळक.
का, ते नव्हतं.

बाहेर डोमाजी हमाल पोती उतरवत होता.
तो एक म्हणत नाही कधी.
लाभ, म्हणतो,
आणि पहिलं पोतं पाठीवरून सोडतो,
मग दोन, मग तीन.

एचएमटीचा ट्रक होता.
डोमाजी म्हणाला, एकशे अठरा.
पडद्यावर आलं एकशे सतरा.
शेठ पडद्याकडे बघून म्हणाले,
छापून आलेलं आहे ते, मुंबईहून,
आणि एका पोत्याची हमाली कापली.

डोमाजी रांजणापाशी गेला, पाणी प्यायला,
तोंड पुसत खिडकीशी आला:
‘बाई, तुया मशीनीनं एक पोता खाल्लन.’

रात्रभर मी ते पोतं शोधलं.
एकोणिसाव्या ओळीत सापडलं.
तिथे एक वजा केलेला होता,
काही कारण नसताना;
शेवटचं पोतं दारातच उभं राहायचं,
आणि प्रोग्राम म्हणायचा, झालं.

अंतर्देशीय पत्र घेतलं.
महोदय, असं सुरू केलं,
दोनदा शाई पसरली.
मिलचा शिक्का मारावा का, ठरेना.
शेवटी नुसतं नाव लिहिलं.

पुढच्या अंकात, पान चार,
जाहिरातीखाली, चौकटीबाहेर:
शुद्धिपत्र. ओळ एकोणीस अशी वाचावी.
चूक दाखवल्याबद्दल
श्री. निरंजन काटेखाये, पुणे, यांचे आभार.

मी ते बराच वेळ बघत बसले.
सगळं नाव बरोबर उतरलं होतं,
फक्त शेवटचा काना मोजायचा राहिला होता.

शेठना पान दाखवलं.
छापलेलं होतं, म्हणून पटलं.
गल्ल्यातून दीड रुपया निघाला,
तीन महिन्यांपूर्वीच्या पोत्याचा.
डोमाजीनं तो टोपीच्या घडीत ठेवला,
आणि विचारलं, ‘हा निरंजन कोण व?’

दुसरं पत्र मी लिहिलं नाही.
निळ्या पेनानं काना दिला.
श्री.चं श्रीमती करावं की कुमारी,
यावर थोडी अडले, मग तसंच सोडलं.
पुण्याचं पवनी करायला जागा पुरत होती.

काट्यावर ट्रॅक्टर चढला.
खोलीची जमीन नेहमीसारखी थरथरली.
लाभ, म्हणाला डोमाजी.