गरम पाण्यात

गहाणेंच्या राइस मिलचं इंजिन मूळचं ट्रकचं.
ट्रक भंगारात गेला,
इंजिन सिमेंटच्या ओट्यावर बोल्ट मारून बसलं
आणि एकोणीस वर्षं
सिंदेवाहीपलीकडच्या अकरा गावांचं धान भरडतंय,
कुठेही न जाता.

मंगळवारी रेडिएटरचं झाकण काढलं
तर आत पाणी नव्हतं, चहा होता,
वर साय धरलेला.
हेड गेलं, म्हणाले गहाणे.
हेड गॅस्केट, म्हणाला त्यांचा भाचा, फोनवरून.
मी बोट बुडवलं, अंगठ्याशी चोळलं.
तेल.

"कूलर गेलाय."
धान पाखडणाऱ्या बाया हसल्या,
डिसेंबरात कोणता कूलर वो बाई?
त्यांच्या डोळ्यांपुढे पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्यांचा.
हाही तसाच, म्हटलं, फक्त तेलाचा.
ब्लॉकच्या कुशीत बसतो.
आतून तेल जातं, बाहेरून पाणी,
मधे तांब्याचा पत्रा, नखाहून पातळ.

दसरू निकुरे, ज्यांच्या हाताखाली मी पाना धरायला शिकले,
सांगायचे,
चालू असते तवा तेलाचा जोर, तेल पान्यात जाते.
बंद केलं का रातच्याला पानी तेलात येते.
डिपस्टिक पुसून पाहिली. स्वच्छ.
म्हणजे परतीचा प्रवास अजून सुरू व्हायचा होता.

चौदा बोल्ट. तेरा निघाले.
चौदाव्याने दुपार खाल्ली.

कूलर डिझेलने धुतला,
एका तोंडाला लाकडाची खुंटी, सायकलची ट्यूब गुंडाळून,
दुसऱ्याला पंप.
बोडीच्या पाण्यात धरला आणि वाट पाहिली.
काठावर सात पोरं, एक म्हैस.
एक बुडबुडा आला. तो चिखलाचा होता.
आणखी एक. तो माशाचा असेल.
गहाणे म्हणाले, फिट आहे मग, लावून टाका,
बाहेर सोळा ट्रॅक्टर उभे आहेत.

फिट नव्हता. थंड होता.
थंडीत सगळंच अंग आवळून बसतं.

उष्ण्याच्या हौदातून वाफ निघत होती.
हौदात नाही टाकू देणार, गहाणे आडवे झाले,
तांदळाला डिझेलचा वास लागला तर कोण खाईल?
खरं होतं. ड्रम मागवला,
हौदातलं कढत पाणी बादल्यांनी त्यात ओतलं,
कूलर दोराने सोडला.
तिसऱ्या प्लेटच्या कडेला
मोहरीएवढे, एकामागून एक, सरळ रेषेत.
कोणी काही बोललं नाही.
म्हशीनेसुद्धा.

झाळ द्यायला रोकडे सोनारांकडे नेला.
त्यांनी भिंगातून पाहिलं, वजन हातावर तोललं,
किती तोळे? म्हणाले, आणि स्वतःच हसले.
चांदीची काडी, सवागी, निळी ज्योत.
पैसे घेतले नाहीत. नंतर घेतले.

तोवर मी जुना फिल्टर करवतीने कापला,
कागदाच्या घड्या उन्हात उलगडल्या.
काळं किटण, कोंडा, चमक कुठेच नाही;
बेअरिंग शाबूत.
पण कागद इतका गच्च
की त्यातून काही जात नसणार.
मग बायपास उघडतो.
इंजिन उपाशी मरू नये म्हणून
बनवणाऱ्याने ठेवलेली चोरवाट;
मळकं का होईना, तेल फिरत राहतं.
कोणाला पत्ता लागत नाही.
किती महिने, मी विचारलं.
गहाणेंनी कॅलेंडरकडे पाहिलं. कॅलेंडर गेल्या साली थांबलेलं.

कव्हरवरचं जुनं गॅस्केट खरवडताना
खाली अक्षरं लागली, खिळ्याने कोरलेली.
द. नि.
आणि त्याखाली:
गरम पान्यात पाय.

आधी दिसलं असतं तर तीन तास वाचले असते, म्हातारबा.

नवा फिल्टर तेलाने काठोकाठ भरला,
रबराला बोटभर तेल लावलं,
हातानेच आवळला. पाना नाही.
स्टॉपची दोरी ओढून धरली, नुसतंच फिरवलं,
एकदा, दोनदा.
प्रेशरचा काटा शून्यावरून हलेना.
बाया पाखडायच्या थांबल्या.
मग हलला.
दोरी सोडली.