फॉर्मा सातवा

चौथा प्रकाशक म्हणाला,
लेखन सकस आहे, पण तुम्ही कोण?
म्हटलं, परळच्या इस्पितळात
रेकॉर्ड विभागात. एकोणतीस वर्षं.
तो हसला. वाईट नाही, मनापासून हसला.
मग म्हणाला, साठ हजार भरा,
आमचं नाव टाकू.

तेवढ्यात मी माझंच टाकलं.

मुदतठेव मोडायच्या अर्जात
'कारण' असा एक रकाना होता.
बँकेतली मुलगी म्हणाली, मेडिकल लिहू का काका?
लिही, म्हटलं.
फार खोटं नव्हतं ते.

सुनीतीनं एवढंच विचारलं, किती प्रती?
तीनशे.
तिनं खोलीवरून नजर फिरवली,
पडद्याचं कापड मोजावं तशी.
दिवाणात दीडशे मावतील, म्हणाली,
गोधड्या माळ्यावर टाक.

एकोणीस वर्षं लिहिलेलं
नाखवानं अंगठा ओला करून मोजलं :
साडेअठरा फॉर्मे.
अर्धा कापा नाहीतर वाढवा,
कोरी पानं परवडायची नाहीत तुम्हाला.
मी बापाचं मरण
आठ पानांनी कमी केलं.
मला जे कधी जमलं नव्हतं
ते कागदाच्या भावानं जमवलं.

आयएसबीएन आला तेव्हा मी डबा खात होतो.
आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायलींवर नंबर घातले,
बरे झालेल्यांच्या, न झालेल्यांच्या.
हे तेरा आकडे माझे.
रात्री पाढ्यासारखे म्हणून बघितले.

वडाळ्याला, इंडस्ट्रियल इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावर,
बायका सतरंजीवर बसून घड्या घालत होत्या.
खळीचा वास, वर कर्कर करणारा पंखा.
एकीनं हातातली पट्टी न थांबवता विचारलं,
तुम्हीच का लिहिणारे?
कुंदा घाग तिचं नाव.
सकाळपासून तिच्या वाट्याला सातवाच फॉर्मा,
तीच सोळा पानं, तीनशे वेळा.
म्हणाली, आधी एकशेबारावं दिसतं,
त्याला चिकटून सत्त्याण्णवावं,
मधलं घडीघडीनं लावत गेले.
ही तुमची वत्सला
शेजारणीकडे किल्ली देऊन जाते ना,
ती परत येते का?
आठवा त्या टेबलावर आहे
आणि तिथली पोरगी वाचत नाही.

वत्सलेबद्दल आजवर
कुणी काहीच विचारलं नव्हतं.
घसा खाकरून म्हटलं, येते.
चौदाव्यात. पण घरात नाही,
रस्त्यापलीकडून बघून जाते.

पट्टी थांबली.
आणि किल्ली?

किल्ली.
एकोणीस वर्षांत सहा वेळा हातानं उतरवलं,
दोनदा टाईप केलं,
मुद्रितं रेकॉर्डरूममध्ये बसून तपासली,
ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, सगळं.
किल्ली शेजारणीकडे ठेवून
मी विसरून गेलो होतो.

शेजारणीकडेच असेल, म्हटलं.
असेल काय? कुंदा म्हणाली,
तुम्हाला माहीत नाही?
आणि पुढच्या कागदावर
पट्टी जरा जोरातच फिरली.

मी खाली धावलो, मशीनपाशी.
नाखवानं चौदाव्याचा गठ्ठा दाखवला.
वाळतोय, म्हणाला.

आता पुस्तक गेलं की
सही करायच्या आधी
दोनशे एकोणिसावं पान काढतो,
समासात, बारीक अक्षरात लिहितो :
शेजारणीनं तिला ओळखलं. हाक मारली नाही.
फक्त किल्ली खिडकीत आणून ठेवली.

एक्केचाळीस प्रती झाल्या.
कुणी विचारतं, हे काय, चूक राहिली का?
हो म्हणतो.
उरलेल्या दिवाणात आहेत,
कूस बदलली की फळी करकरते
आणि सुनीती झोपेतच म्हणते, विकल्या का?

पहिली प्रत कुंदाला दिली.
तिनं मुखपृष्ठ पाहिलं नाही, नावही नाही.
सातवा उघडला,
बोट फिरवून बघितलं,
घडी सरळ बसलीय का.