मागणी क्रमांक ४१

गुंडेटीबाई तिसऱ्यांदा विचारून गेल्या.
चिठ्ठीवर त्यांचं नाव, खाली माझी सही,
आणि फळीवर पुस्तकाएवढी फट.

पुस्तक येमूलकडे. मुदत संपून त्रेपन्न दिवस.
दोन कार्डं टाकली, फोन बंद.
शेवटी भर दुपारी सायकल काढली,
अशोक चौकातून आत,
मागांच्या खडखडाटात पत्ता ओरडून विचारत.

ओसरीत पाच बायका, मांडीवर सुपं,
तेंदूची पानं कातरत.
मधोमध अंबूबाई येमूल, ओळीखाली बोट धरून
अडखळत, मोठ्यानं वाचत होती.
तिच्या वाटच्या विड्या बाकीच्या चौघी वळत होत्या.

"व्हायलंय की ओ सर," ती म्हणाली,
"ती बाई आत्ताशी विहिरीपाशी पोचलीय.
मधीच कसं देऊ?"

पावतीपुस्तक पिशवीतच राहिलं.
उंबऱ्यावर टेकलो.
दोन प्रकरणं ऐकली. विहीर मागं पडली.
खूण म्हणून तिनं पानाची कातरण घातली;
तंबाखूचा वास
न वाचलेल्या पानांनाही लागला होता.

परत येऊन नोंदवहीत लिहिलं :
पुस्तक वाचनात आहे.
गुंडेटीबाईंच्या चिठ्ठीमागं
येमूलचा पत्ता, वेळ दुपारची.
येताना स्वतःची कात्री आणा,
असं लिहिलं
आणि खोडलं.